कारणाचा रकाना

मला याद्या करायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. किराण्याची यादी सगळेच करतात. मी लग्नाला जाताना जीपमध्ये कोण कुठे बसणार याचीही करते, आणि त्यामुळे आजवर एकाही वऱ्हाडात खिडकीवरून भांडण झालेलं नाही. या गुणामुळेच मी आमच्या गावच्या दूध संस्थेची सचिव झाले. दुष्काळाच्या त्या वर्षी बुधवारचा वर्ग माझ्या गळ्यात पडला तोही याच गुणामुळे.

त्या वर्षी दूध इतकं घटलं होतं की सकाळचं संकलन साडेसातलाच आटपायचं. पूर्वी नऊ वाजायचे. संस्थेची मोठी खोली दिवसभर रिकामी राहायची. केजच्या दवाखान्यात मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई ठरावीक दिवशी यायच्या. त्यांना आमच्या बाजूच्या चार-पाच पेशंटसाठी जागा हवी होती. हे सगळे आजारातून उठलेले, गोळ्या चालू असलेले, घरी परतलेले लोक. उपचार दवाखान्यात व्हायचे. इथे त्यांना फक्त अडचण सोडवायला शिकवायचं होतं.

मी म्हटलं, अडचण सोडवायला काय शिकायचं? माणूस आपोआप शिकतो.

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, आजार उतरतो, पण तोवर घरच्यांनी सगळे निर्णय आपल्या हातात घेतलेले असतात. काय खायचं, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं. प्रेमापोटीच घेतलेले असतात. मग हा माणूस बरा होऊन बसतो आणि चप्पल तुटली तरी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. ती सवय मोडायची.

वर्ग त्या स्वतः घेणार होत्या, पण दर आठवड्याला येणं त्यांना जमेना. तेव्हा त्यांनी मलाच केजला दोन दिवस बसवून शिकवलं. पाच पायऱ्या होत्या. अडचण एका वाक्यात लिहायची. सुचतील तितके मार्ग लिहायचे. वेडगळ असले तरी लिहायचे, हसायचं नाही, खोडायचं नाही. मग एकेकाचं बरंवाईट बघायचं. एक निवडायचा. करून बघायचं आणि परत येऊन सांगायचं. मी खूश. पाच पायऱ्या म्हणजे पाच रकाने. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार्ग तुम्ही सुचवायचा नाही. पेन त्यांच्या हातात." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा मारल्या की गोष्ट लक्षात राहते, असा माझा समज होता.

पहिल्या बुधवारी पाच जण आले; वर्ग कशाचा, ते गावात कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यातले तिघे या गोष्टीत येतात. एक निवृत्त गुरुजी, ज्यांनी दोन वर्षं अंथरुणातून उठायचंच सोडलं होतं आणि आता बोलायचं थांबत नव्हते. एक तरुण सून, बाळंतपणानंतर आजारी पडलेली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची आणि तासातून एकदा बोलायची. आणि मेंढरं राखणाऱ्या घराण्यातला एक पस्तिशीचा माणूस. त्यांच्याकडे आता मेंढरं नव्हती, एक लाल कंधारी गाय होती. आम्ही त्याला गायवाले भाऊ म्हणायचो.

सरावाला मी माझीच अडचण घेतली: टँकर येतो तेव्हा मी नेमकी संस्थेत दूध मापत असते, आणि घरची टाकी कोरडी राहते. मार्ग सुचवा म्हटलं. पाचही जण माझ्याच तोंडाकडे बघू लागले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही सुचवायला सांगितलंच नव्हतं. शेवटी गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "टँकरवाल्याला जावई करून घ्या." मला मुलगी नाही, हे मी सांगणार होते, पण नियम नियम असतो. फळ्यावर लिहिलं. त्यावर सून खुदकन हसली आणि वर्ग सुरू झाला. अकरा मार्ग निघाले. त्यातला नववा, शेजारणीशी पाळी बदलण्याचा, मी आजही वापरते.

गायवाल्या भावांची पाळी तिसऱ्या बुधवारी आली.

तेव्हा गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले होते. छावणी आमच्या संस्थेनेच चालवायला घेतली होती. माजलगावच्या बाजूने धरणाखालच्या उसाचा ट्रक पहाटे यायचा आणि सहा वाजता हजेरी. ज्याचं जनावर त्याने स्वतः दावणीपाशी उभं राहायचं, बिल्ला दाखवायचा, चारा घ्यायचा. मालक हजर नसेल तर त्या दिवशी चारा नाही. कडक नियम होता, पण मीच तो लिहिला होता. नसलेल्या जनावरांच्या नावावर चारा उचलल्याच्या गोष्टी आम्ही ऐकून होतो. संस्थेचा दुसरा नियम याहून जुना: कुठलीही यादी झाली की तिची एक प्रत बाहेरच्या फळ्यावर लावायची. सहकार आहे, लपवायचं काही नाही.

गायवाले भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "दादा गाय इकायलाय."

मी म्हटलं, ही अडचण फार मोठी आहे, हातात मावत नाही. जरा लहान करा. गुरुजींनी विचारलं, "कावून इकायलाय?" मग हळूहळू निघालं. मोठा भाऊ केज-अंबाजोगाई जीप चालवायचा. रात्री दहाला जीप लावून छावणीत झोपायला यायचा, सकाळी सहाला हजेरी देऊन चारा घ्यायचा आणि सातला निघायचा. तोवर पहाटेच्या दोन फेऱ्या दुसऱ्या जीपवाल्यांनी मारलेल्या असायच्या. असं किती दिवस चालणार? गाय गाभण होती, पण भावाचं म्हणणं, पुढच्या बाजाराला नेतो.

"तुम्ही तर छावणीतच असता. तुम्ही का घेत नाही चारा?"

"मला आठशिवाय जाग येत न्हाई. गोळ्या हायेत ना."

झालं, अडचण सापडली. त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिली: चारा सहाला येतो, मला आठला जाग येते. मी त्या वाक्याकडे कौतुकाने बघत राहिले. इतकी नेटकी अडचण माझ्या स्वतःच्या आयुष्यात कधी आली नव्हती.

ही गाय म्हणजे काय होती, तेही सांगितलं पाहिजे. दवाखान्यातून परत आल्यावर घरात या माणसाच्या हाती दिलेली एकच गोष्ट म्हणजे ती गाय. पेरणी त्याला विचारून होत नव्हती, लग्नकार्याला त्याला नेत नव्हते. गाय मात्र त्याच्याच आवाजाला उठायची. ती गेली असती तर सकाळी उठून जायला त्याला कुठलीच जागा नव्हती.

मार्ग लिहायला घेतले तोवर छावणीतून बोलावणं आलं, पाण्याच्या हौदाला गळती लागली होती. मी वर्ग अर्ध्यात सोडला. बाकीचं पुढच्या बुधवारी करू म्हटलं. पण डोक्यातून ते वाक्य जाईना. पुढच्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी बाजार. तेवढा वेळ कुठे होता? आणि खरं सांगायचं तर, मला उत्तर सुचलं होतं. सुचलेलं उत्तर मनात ठेवायची मला सवय नाही.

संध्याकाळी बसून मी एक नवी यादी केली: उशिरा चारा घेणारे जनावर-मालक. रकाने आखले. अनुक्रम, मालकाचं नाव, बिल्ला क्रमांक, चाऱ्याची वेळ, कारण. यादीत नाव एकच होतं. वेळ, सकाळी साडेआठ. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, मानसिक आजाराच्या गोळ्यांमुळे जाग येत नाही. खाली सही, शिक्का. किती सोपं होतं. मोठा भाऊ पहाटेच्या फेरीला मोकळा, गाय छावणीत, नियमाला धक्का नाही. कागद लेखनिकाच्या टेबलावर ठेवला आणि समाधानाने भाकरी थापायला गेले.

आमचे लेखनिक नियमाने चालणारे. त्यांनी सकाळी प्रत काढली आणि, छावणीची यादी म्हणून, छावणीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर लावली.

मी पोचले तेव्हा फळ्यासमोर पंधरा-वीस माणसं होती. दोघं-तिघं हसत म्हणत होते की आम्हालाही सकाळी जाग येत नाही, आमचीही नावं टाका. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण गायवाल्या भावांच्या दावणीशेजारची बाई आपल्या वासराची खुंटी उपटून चार दावणी पलीकडे ठोकत होती. खुंटी ठोकली, हात झटकले आणि वासराला घेऊन गेली.

मोठे भाऊ जीप सोडून आले होते. मला वाटलं ओरडतील. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आमी सहा वर्षं झाकलं. तुमी एका कागदात उघडं केलं."

मी म्हटलं, माझा हेतू... आणि थांबले. हेतूला कुठल्याच यादीत रकाना नसतो. ते म्हणाले, आता ठरलं, पुढच्या बाजाराला गाय जाणार. उद्यापासून तो छावणीत थांबणार नाही, घरी बसेल.

गायवाले भाऊ या सगळ्या वेळात फळ्यासमोर उभे होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला, मग माझ्याकडे आले.

"ताई, ही अडचण माझी व्हती का तुमची?"

"तुमची."

"मग मला इचारायचं की."

मी फळ्यावरून कागद काढला, चार तुकडे केले आणि परकराच्या खिशात टाकले. फाडल्याने वाचलेलं न वाचलेलं होत नाही, हे मलाही कळत होतं. मी मोठ्या भावांकडे वळले आणि एकच मागणं केलं: बाजारापर्यंत यांना छावणीत राहू द्या. चूक माझी आहे, शिक्षा यांना देऊ नका. ते बराच वेळ किल्लीशी खेळत राहिले. मग म्हणाले, बाजारापर्यंत. पण बाजाराच्या दिवशी मी हजेरीला येऊन बघणार. हा उभा नसला, तर तिथूनच गाय नेणार.

बुधवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग छावणीतच भरवला, गायीशेजारी, दोन बाजांवर. बाकीचे चौघेही आले, गुरुजी छत्री घेऊन. या वेळी मी पेन गायवाल्या भावांच्या हातात दिलं आणि माझे हात मांडीखाली घेऊन बसले. वहीत दोन रेघा मारण्याऐवजी मी हेच करायला हवं होतं.

मार्ग निघू लागले. फोनचा गजर लावावा. तर म्हणाले, तो लावलाय. वाजतो, मी झोपेतच हात मारून बंद करतो. झोपूच नये. गोळ्या सोडून द्याव्यात. हा मार्ग त्यांनी स्वतःच सांगितला आणि लिहिलाही. मला अडवायचं होतं, पण नियम नियम असतो. बरंवाईट बघायची पायरी आली तेव्हा त्यांनी स्वतःच त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, "ते एकदा करून बघितलंय. मग अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं व्हतं मला."

मग सून बोलली. तासातलं तिचं एकच वाक्य.

"गोळी कितीला घेता तुमी?"

"साडेदहाला. कधी अकरा."

"इतक्या उशिरा कावून?" गुरुजींनी विचारलं.

"दादा देतो. दादा आल्यावर."

गोळ्यांची पाकिटं मोठ्या भावाच्या जीपमध्ये असायची. सहा वर्षांपूर्वी यांनी गोळ्या फेकल्या होत्या, तेव्हापासून तो रोज स्वतःच्या हाताने द्यायचा, कितीही थकून आला तरी. त्याला जाग आणि गोळी यांचा संबंध लावायला वेळच मिळाला नव्हता. आणि मला पाच रकाने आखूनही हा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं. सून मात्र सासूच्या हातून गोळी घ्यायची. उशिरा मिळालेली गोळी सकाळी उठू देत नाही, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

गायवाल्या भावांनी वहीत नवा मार्ग लिहिला: गोळी सातला, माझ्या हाताने. मग माझा फोन मागून घेतला आणि डॉक्टरीणबाईंशी स्वतः बोलले. बाईंनी बरंच काही विचारलं असावं, कारण हे बराच वेळ हो, न्हाई, हो करत होते. शेवटी त्यांनी आम्हाला निरोप सांगितला: वेळ बदला, गोळी नाही, आणि चक्कर आली किंवा झोप बिघडली तर त्याच दिवशी कळवा.

मोठ्या भावाला पटवायचं काम कुणी करायचं? मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते म्हणाले, मीच बोलतो. त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दावणीच्या खांबाला एक कॅलेंडर लटकत होतं आणि आदल्या दिवसाच्या चौकोनात गोळी घेतल्याची पेनाची एक फुली होती. पाकिटात किती गोळ्या उरल्या, ते मोठा भाऊ रात्री जीप लावल्यावर येऊन बघायचा आणि घरी झोपायला जायचा. तेवढी सवय राहू दे, असं दोघांत ठरलं होतं म्हणे.

पण अजून एक मार्ग त्यांच्या यादीत होता, आणि तो आम्हा कुणाला सुचला नसता. त्यांचे आजोबा रानात मेंढरं बसवायचे तेव्हा म्होरक्या मेंढ्याची दोरी पायाला बांधून झोपायचे. कळप हलला की आजोबा जागे. "फोनला बटन हाय," ते म्हणाले. "गाईला बटन न्हाई." उसाच्या ट्रकचा आवाज गाय सगळ्यांच्या आधी ओळखायची आणि पुढे ओढ घ्यायची. तिचा कासरा ते स्वतःच्या मनगटाला बांधणार होते.

पहिल्या सकाळी मी हजेरीला गेले तर हे कोपर सोलवटून, डोळे लाल करून रांगेत उभे. गाय पहाटेपर्यंत पाच वेळा उठली होती. एकदा शू करायला, एकदा शेजारच्या म्हशीकडे बघायला, बाकीच्या वेळी उगीच. पाचही वेळा हे बाजेवरून खाली. गुरुजींना कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि हा माणूसही हसत होता. मी हजेरीची वही छातीशी धरून उभी होते. मला तीन उपाय सुचले होते. तिन्ही गिळले.

त्या रात्रीपासून कासरा मनगटाऐवजी बाजेच्या पायाला बांधला गेला, आणि चांगला दोन हात ढिला. गाय नुसती उठली तर काही नाही. ट्रककडे ओढ घेतली तरच बाज हलणार. तिसऱ्या सकाळी बाज वीतभर सरकली आणि हे उठले. चौथ्या सकाळी बाज सरकायच्या आधीच जागे होते. गोळी सातला गेल्यामुळे झोप वेळेत पुरी होत होती. दोन्हींपैकी कशाने जाग आली, असं मी हजेरीला विचारलं. ते म्हणाले, दोन्ही राहू द्या, गाईला वाईट वाटंल.

बाजाराचा दिवस आला. मी सवयीपेक्षा लवकर गेले, कारण घरी बसवेना. सहाला दहा कमी असतील. मोठ्या भावांची जीप फाटकाशी लागलेली, आणि ते स्वतः खांद्यावर कोरा करकरीत कासरा टाकून दावणीकडे चाललेले. बाजारात जनावर न्यायला नवाच कासरा लागतो. दावणीपाशी बाज रिकामी होती. अंथरूण घडी केलेलं होतं. गाय मान वर करून उसाच्या ट्रककडे बघत होती आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं.

मोठे भाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कॅलेंडरकडे. काल रात्रीच्या चौकोनात फुली होती.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "उठा हो, ट्रक आला." गायवाले भाऊ चार दावणी पलीकडे होते. वासराची खुंटी हलवलेल्या बाईला झोप लागून गेली होती आणि हजेरी चुकली असती, म्हणून ते तिला हाक मारत होते, लांबूनच, बाजेच्या जवळ न जाता. ती उठली, यांना बघून जरा दचकली, मग पदर सावरत बिल्ला शोधू लागली. हे परत आले आणि आपल्या गायीजवळ उभे राहिले. भाऊ दिसला तेव्हा म्हणाले, "लई लवकर आलास दादा. फेरी जाईल की तुजी."

हजेरी झाली. मी त्यांचं नाव पुकारलं, त्यांनी बिल्ला दाखवला, उसाची मोळी घेतली. मोठे भाऊ सगळं बघत होते. खांद्यावरचा कासरा त्यांनी काढला, हातात घेतला, त्याचं वेटोळं केलं, सोडलं, परत केलं. मग बाजेच्या पायाशी वाकून जुन्या कासऱ्याची गाठ चाचपली. ती बरीच झिजली होती.

"हे तुटंल," ते म्हणाले. "हे घे." आणि नवा कासरा बाजेवर ठेवून जीपकडे गेले. दुसरी फेरी तरी त्यांना मिळाली.

त्या बुधवारचा वर्ग हुकला होता, म्हणून तो आम्ही शुक्रवारी घेतला. पाचव्या पायरीला, करून पाहिल्यावर काय झालं या रकान्यात, काय लिहू असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, वही तुमची आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं: गाय छावणीत आहे. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: बाजेचा एक पाय ढिला झालाय. आणि वही सगळ्यांसमोर ठेवली, नवी अडचण म्हणून.

गुरुजी घसा खाकरू लागले. मी माझे हात मांडीखाली घेतले.

संस्थेच्या वह्यांत कारणाचा रकाना मी त्यानंतर आखलेला नाही. लेखनिक अजून विचारतात.